थेम्सकाठचं कुकम

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशायरमध्ये थेम्सच्या वळणावर कुकम वसलं आहे. बाराव्या शतकातलं चर्च, एक मुख्य रस्ता, जुनी मद्यगृहं, पुराच्या पाण्यात बुडणारं गायरान. अशी गावं इंग्लंडात पुष्कळ. पण कुकमला स्टॅन्ली स्पेन्सर लाभला.

हा चित्रकार 1891 मध्ये याच रस्त्यावरच्या घरात जन्मला. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकतानाही तो रोज रेल्वेने गावी परतायचा, म्हणून सोबत्यांनी त्याचं नावच ‘कुकम’ पाडलं. 1924 ते 1927 या काळात त्याने पुनरुत्थानाचं 18 फूट लांबीचं चित्र रंगवलं. त्यातले मृत कबरींतून उठतात ते याच चर्चच्या आवारात. कुणी बायको नवऱ्याच्या कोटावरची माती झटकते आहे, कुणी सहलीच्या बोटींकडे निघालं आहे. स्वर्गात गेल्यावरही माणसं कुकमकरांसारखीच वागणार, याबद्दल स्पेन्सरला शंका नसावी!

गावाचा वार्षिक सोहळा नदीवरचा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात राजाचे आणि लंडनच्या व्हिंटनर्स व डायर्स या दोन जुन्या व्यापारी संघांचे नावाडी वल्ही मारत थेम्सवरच्या हंसांची मोजदाद करतात. एके काळी हंस मेजवानीत खाल्ला जाई, म्हणून मालकी ठरवणं भाग होतं. आता पिल्लांचं वजन होतं, मासेमारीच्या गळांनी झालेल्या जखमा पाहिल्या जातात आणि मग त्यांना सोडून दिलं जातं. स्पेन्सरने या विषयावरचं चित्र 1915 मध्ये अर्धवट टाकलं आणि सैन्यात गेला. मॅसिडोनियाच्या आघाडीवरून परतल्यावर, 1919 मध्ये, ते पुरं केलं. चित्रातला लोखंडी पूल 1867 चा. त्यावर 1947 पर्यंत पथकर होता.

म्हातारपणी तो रंगांचं सामान जुन्या बाबागाडीत घालून गावभर ढकलत फिरे. लोक गप्पा मारायला थांबत, म्हणून ‘कृपया व्यत्यय नको’ अशा अर्थाची पाटीही त्याने लिहिली होती. 1959 मध्ये तो सर झाला आणि त्याच वर्षी गेला.

आज इथली घरं श्रीमंतांनाच परवडतात, हे खरं. तरी लंडनला गेलात तर मेडनहेडला गाडी बदलून कुकमला उतरा. लहानपणी स्पेन्सर ज्या मेथडिस्ट प्रार्थनागृहात जाई, तिथेच आता त्याचं कलादालन आहे. ती बाबागाडीही तिथेच ठेवली आहे.