एक गाडी, एक पदार्थ

मलेशियातील शहरांमध्ये चिनी पद्धतीच्या नूडल्स विकणारा गाडीवाला सहसा एकच पदार्थ करतो. तांदळाच्या पट्ट्या परतणारा रस्सा ठेवत नाही, आणि कोळंबीच्या रश्श्यातल्या नूडल्स देणारी बाई परतण्याची कढई चढवत नाही. मेन्यूकार्ड नसते. पाटीवर पदार्थाचे नाव आणि लहान-मोठ्या प्लेटचा भाव एवढेच असते. गिऱ्हाइकाने सांगायचे ते इतकेच, की तिखट किती हवे, अंडे कोंबडीचे की बदकाचे, आणि काय वगळायचे. ही पद्धत मुळात भांडवलाच्या टंचाईतून आली. एक चूल, एक कढई आणि रोज संपेल इतकाच माल एवढ्यावर धंदा उभा करायचा, तर दुसरा पदार्थ परवडत नसे. पुढे पैसा आला, तरी पद्धत टिकली. या खाण्याची ख्याती तिच्यावरच उभी आहे.

१७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी पेनांग बेट ताब्यात घेतले आणि जॉर्ज टाउनचे बंदर वसवले. एकोणिसाव्या शतकात पेराक आणि सेलांगोरमध्ये कथिलाच्या खाणी जोरात चालू लागल्या. फुजियान आणि ग्वांगडोंग या दक्षिण चिनी प्रांतांतून माणसे येत राहिली आणि गावोगावच्या बोलीप्रमाणे वेगवेगळ्या शहरांत स्थिरावली. पेनांगमध्ये होक्कियन आणि तेओच्यू यांचे प्राबल्य राहिले, तर इपोह आणि क्वालालंपूर या खाणींच्या टापूत कँटनीज आणि हाक्का जास्त होते. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर मिळणाऱ्या ‘हाक्का नूडल्स’च्या नावात आहे तो हाच समाज. मात्र भारतातले हाक्का कोलकात्याला आले आणि तिथल्या खाण्याने वेगळीच वाट धरली. शिमला मिरची आणि शेजवान चटणीची आपली गाडी आणि पेनांगची गाडी यांच्यात कढईपलीकडे फारसे साम्य नाही.

आलेल्यांत बहुसंख्य एकटे पुरुष होते. राहायला भाड्याची खोली, तीही चार-सहा जणांत, आणि स्वयंपाकाला जागा नाही. त्यांचे जेवण दारावर येई. खांद्यावरच्या कावडीच्या एका टोकाला निखाऱ्यांची शेगडी आणि पातेले, दुसऱ्या टोकाला वाडगे आणि कच्चा माल, असा फेरीवाल्याचा संसार असे. वान्तान मी, म्हणजे बारीक अंड्याच्या नूडल्स आणि मांस भरलेल्या पातळ कणकेच्या पुरचुंड्या, विकणारे बांबूच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटत. त्या आवाजावरून या खाण्याला ‘टोक टोक मी’ असेच नाव पडले. बहुधा एखादा पोऱ्या पुढे गल्लीत पट्ट्या वाजवत ऑर्डर घेई, मागे थांबलेल्या गाडीवरून वाडगे नेऊन देई आणि नंतर रिकामे गोळा करून आणी. कावडीची पुढे तीनचाकी झाली, तीनचाकीची हातगाडी झाली. नगरपालिकांनी परवाने आणि ठरलेल्या जागांचा आग्रह धरला, तशा बऱ्याच गाड्या छपराखाली गेल्या. आज त्यांना चाके असतात, पण ती फिरत नाहीत.

हे छप्पर बहुतेक वेळा कोपितियामचे, म्हणजे कॉफीच्या दुकानाचे असते. हा धंदा मुख्यतः हाइनान बेटावरून आलेल्यांनी उभा केला. ते इतरांच्या मागून आले. तोवर व्यापार, खाणी आणि बांधकाम यांत आधीच्यांनी जम बसवलेला होता. अनेकांनी इंग्रजांच्या बंगल्यांत आणि जहाजांवर आचाऱ्याची कामे धरली आणि तिथे पाहिलेली कॉफी, टोस्ट आणि अर्धवट उकडलेली अंडी पुढे आपल्या दुकानात आणली. कॉफीच्या बिया साखर आणि मार्गारीन घालून काळ्याभोर होईपर्यंत भाजतात, पूड कापडी पिशवीतून गाळतात आणि कपात कंडेन्स्ड मिल्क घालतात. नुसते ‘कोपी’ म्हटले की दूध-साखरेची कॉफी येते, ‘कोपी ओ’ म्हटले की बिनदुधाची, आणि मागे ‘कोसोंग’ जोडले की साखरही जाते.

कोपितियामचा मालक स्वतः सहसा फक्त पेये विकतो. दुकानाच्या पुढच्या भागात चार-सहा गाड्यांना तो जागा भाड्याने देतो. टेबले, पंखे आणि झाडलोट त्याची, खाणे गाडीवाल्यांचे. त्यामुळे एकाच टेबलावर चौघांचे चार पदार्थ चार गाड्यांवरून येतात आणि पैसे ज्याचे त्याला, प्लेट टेबलावर ठेवताक्षणी द्यायचे असतात. बसल्यावर पेय मागवणे हा शिष्टाचार आहे. ज्यांना तो कळत नाही त्यांच्यासाठी काही दुकानांत पाटी असते, की पेय न घेतल्यास माणशी अमुक इतके जादा पडतील. पर्यटकांना ही पाटी उद्धट वाटते, पण गणित पाहिले तर ती वाजवीच आहे. मालकाची मिळकत कपाबशीत आहे, आणि तिच्या आधारावरच गाडीवाल्याला एकाच पदार्थावर दुकान चालवता येते. सकाळी सातला रश्श्याची गाडी लागते आणि दुपारी माल संपला की ती झाकून ठेवतात. संध्याकाळी त्याच जागेवर दुसरे कुटुंब दुसरा पदार्थ घेऊन येते. म्हणून ‘कुठे खावे’ याचे उत्तर ‘किती वाजता’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

नूडल्समध्ये दोन मुख्य घराणी आहेत. पहिले तांदळाचे. भिजवलेला तांदूळ बारीक वाटून त्याचा पातळ थर वाफवतात, तेलाचा हात लावून त्याच्या घड्या घालतात आणि पट्ट्या कापतात. या पट्ट्यांना क्वे त्याव म्हणतात, आणि त्याच पिठाच्या सुतासारख्या बारीक नूडल्सना बी हून. दुसरे घराणे गव्हाचे, म्हणजे पिवळी मी. तिचा पिवळा रंग अंड्याचा असेलच असे नाही. पीठ मळताना त्यात क्षारयुक्त पाणी घालतात. पापडाच्या पिठात पापडखार करतो त्याच जातीचे हे काम आहे. क्षाराने पीठ चिवट होते, रंग पिवळा होतो आणि किंचित साबणासारखा वासही येतो. तो घालवण्यासाठी नूडल्स उकळत्या पाण्यातून काढून घेतात. रश्श्याच्या गाडीवर बहुधा ‘मी’ आणि बी हून अर्धी-अर्धी मागतात. एकीला चावायला अंग असते, दुसरी रस्सा शोषून घेते.

पेनांगची ओळख मात्र परतलेल्या पट्ट्यांवर आहे. ‘चार क्वे त्याव’ नावाचा हा एकेकाळी अंगमेहनतीच्या माणसांचा पदार्थ होता. मासेमार आणि शिंपले वेचणारे दिवसाचे काम आटोपल्यावर जोडधंदा म्हणून तो विकत. चरबी भरपूर, भाव कमी, पोट भरणारे. गाडी पाहिली तर सगळे साहित्य परतणाऱ्याच्या हाताच्या अंतरात मांडलेले असते. पट्ट्यांचा ढीग ओल्या फडक्याखाली, मुगाच्या लांब मोडांची टोपली, इंचभर चिरलेली चिनी लसणाची पात, सोललेली कोळंबी, लाप च्योंग या गोडसर सॉसेजच्या चकत्या, अंड्यांचा ट्रे, वाटलेल्या मिरचीचे भांडे आणि पाणी मिसळून पातळ केलेल्या सोया सॉसची बाटली. कढई बहुधा उचलून उडवत नाहीत. ती चुलीच्या खळग्यात बसलेली असते आणि लांब दांड्याचे उलथने सतत चालते. आधी डुकराची चरबी आणि लसूण, मग कोळंबी, मग मूठभर पट्ट्या. त्यांवर सोया सॉस शिंपडला की वाफेचा लोट उठतो. पट्ट्या एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडे फोडतात, ते अर्धवट धरले की त्यावर पट्ट्या पालथ्या करतात. मोड आणि पात शेवटी. शिंपले अगदी शेवटी, जेमतेम गरम होण्यापुरते. हे शिंपले तिसऱ्यांच्या जातकुळीतले, पण आतून रक्तासारखे लाल असतात. जास्त शिजले की रबर होतात, आणि जाणकार ते थोडे कच्चेच मागतात. प्लेटवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावर सगळे ओततात. काम मिनिट-दोन मिनिटांचे.

चांगला गाडीवाला एका वेळी एकच प्लेट परततो, फार तर दोन. यामागे मिजास नसून उष्णतेचा हिशेब आहे. पट्ट्या ओल्या असतात आणि मोडांमध्येही पाणी असते. कढई पुरेशी तापलेली असेल तर ते पाणी सुटताक्षणी वाफ होऊन उडते आणि पट्ट्यांच्या कडा करपल्यासारख्या होतात. पाच प्लेटचा माल एकदम टाकला तर कढईचे तापमान कोसळते, पाणी तळाशी साचते आणि परतण्याऐवजी शिजवणे सुरू होते. लोखंड फार तापलेले असताना चरबीचे बारीक थेंब पेटतात. त्या धुरकट वासाला कँटनीजमध्ये वोक हेई म्हणतात, आणि गिऱ्हाईक गाडीची परीक्षा त्यावर करते. काही थोडे लोक अजून कोळसा वापरतात. जॉर्ज टाउनमधील सियाम रोडची गाडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. गर्दीच्या गाडीपुढची रांग हळू सरकते ती याच कारणाने. क्वालालंपूरमध्ये हाच पदार्थ मोठ्या प्लेटीत आणि काळ्या सोया सॉसने गडद होऊन येतो. पेनांगचा माणूस त्याला नाक मुरडतो.

‘होक्कियन मी’ मागताना शहर लक्षात ठेवावे लागते. पेनांगमध्ये त्या नावाने कोळंबीचा रस्सा मिळतो. कोळंबीची डोकी आणि टरफले लाल होईपर्यंत परतून डुकराच्या हाडांबरोबर तासन् तास उकळतात. वाडग्यात नूडल्स, कांगकुंग म्हणजे आपल्याकडची नाळीची भाजी, मांसाच्या चकत्या, उकडलेले अंडे आणि तळलेला कांदा घालून वरून रस्सा ओततात. तिखटाचा गोळा चमच्यात येतो, तो हवा तितकाच कालवायचा. क्वालालंपूरमध्ये याच नावाखाली जाड पिवळ्या नूडल्स दाट काळ्या सोया सॉसमध्ये शिजवलेल्या, वर कुरकुरीत चरबीचे तुकडे पेरलेल्या येतात. हा प्रकार पेतालिंग स्ट्रीटवरच्या किम लियान की या दुकानाने १९२७ पासून रूढ केला, असे मानले जाते. दोन्ही चांगले आहेत, पण एकाच्या आशेने दुसरे मागवणाऱ्याचा विरस ठरलेला.

आसाम लाक्सा हा निव्वळ चिनी पदार्थ नाही. मलय आणि चिनी स्वयंपाकघरे एकमेकींत मिसळून तो तयार झाला. मराठी जिभेला मलेशियात सर्वांत लवकर ओळखीचा वाटेल तो मात्र हाच. रस्सा नारळाचा नसून माशाचा असतो, आणि मासा म्हणजे केम्बुंग, आपल्या बांगड्याचा सख्खा. बांगडा उकडून काटे काढतात आणि मांस रश्श्यातच कुस्करतात. आंबटपणासाठी चिंचेबरोबर आसाम गेलुगोर या फळाच्या वाळवलेल्या चकत्या घालतात. हे झाड कोकमाच्याच कुळातले, गार्सिनिया गणातले. बांगडा आणि कोकम ही जोडी कोकणात सांगून समजवावी लागत नाही. इथे तिच्यावर पुदिना, अननस, काकडी, कच्चा कांदा आणि बुंगा कांतान या आल्याच्या कुळातल्या गुलाबी कळीचा चुरा पडतो, आणि चमचाभर दाट काळी कोळंबीची चटणी. ती आधी नाकाला खटकते, पण तिच्यावाचून वाडगा पुरा होत नाही. केक लोक सी मंदिराच्या पायथ्याशी, आयर इतमच्या बाजारात या लाक्साचे नाव मोठे झाले.

इपोहला कोंबडीचे धागे आणि कोळंबी घातलेल्या मऊसूत तांदळाच्या पट्ट्यांसाठी जातात. त्यांचा मऊपणा आणि तिथल्या मोडांचा जाडजूडपणा चुनखडीच्या डोंगरांतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे येतो, असे स्थानिक लोक ठामपणे सांगतात. हाक्कांची पान मी हाताने तोडलेल्या कणकेची असते आणि तिच्यावर तळलेली बारीक सुकी मासळी पडते. सारावाकमध्ये कुचिंगची कोलो मी कोरडी, चरबी आणि व्हिनेगर लावलेली असते.

डुकराच्या चरबीमुळे यातल्या बहुतेक गाड्या देशात बहुसंख्य असलेल्या मुस्लिमांना वर्ज्य आहेत. पण नूडल्स तिथे अडल्या नाहीत. मलय विक्रेते शिंपले घालून ओलसर क्वे त्याव करतात. आणि मूळच्या तमिळ मुस्लिमांनी, ज्यांना तिथे मामाक म्हणतात, चिन्यांची पिवळी ‘मी’ उचलून त्यात बटाटा, टोफू आणि आंबटगोड तिखट घालून मी गोरेंग बनवली. वर लिंबाची फोड. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ सम्राट देवतांचा उत्सव येतो, तेव्हा नऊ दिवस अनेक चिनी गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि तेच पदार्थ शाकाहारी होऊन मिळतात. शाकाहारी प्रवाशासाठी याहून सोयीचा काळ नाही.

बाहेरच्या जगाने दखल घ्यायला वेळ लावला. २००८ मध्ये जॉर्ज टाउन आणि मलाक्का यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले तेव्हा कारण इमारती आणि वस्त्या होत्या, पण पर्यटक आले ते खायलाही. मिशेलिनची क्वालालंपूर-पेनांगची पहिली मार्गदर्शिका डिसेंबर २०२२ मध्ये निघाली आणि तिच्यात अनेक गाड्यांची नावे झळकली. २०२४ मध्ये मलेशियाची न्याहारीची रीत, तिच्या कोपितियामांसकट, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. दरम्यान सेलांगोरच्या किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे पीक घटले. कित्येक गाड्यांवर शिंपले आता जादा पैसे मोजून घ्यावे लागतात.

मोठी अडचण माणसांची आहे. पहाटे चारला रस्सा चढवायचा आणि दिवसभर जाळासमोर उभे राहायचे, हे काम शिकलेल्या मुलांना नको असते, आणि बापालाही ते मुलाला द्यायचे नसते. मग परदेशी मदतनीस येतो, भांडी घासता घासता कढईपर्यंत पोहोचतो. पेनांग राज्याने यावर उपाय म्हणून ठरावीक स्थानिक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी माणसाने मुख्य आचारी असू नये, असा नियम २०१६ पासून लागू केला. त्याने सोलावे, चिरावे, वाढावे, पण परतू नये. नियमाने चव टिकते की नाही हा वादाचा मुद्दा आहे, कारण चारशे प्लेट परतलेला हात कुठल्या देशाचा आहे हे पट्ट्यांना कळत नाही. वारसदार मात्र त्याने मिळालेला नाही. काही म्हातारे आठवड्यातून तीन-चार दिवसच गाडी लावतात. काहींनी पाककृती आणि शिकवणी यांची मिळून रोख किंमत ठरवून धंदा कुटुंबाबाहेर विकला आहे. मॉलमधल्या खाद्यदालनांत रस्सा एका मध्यवर्ती स्वयंपाकघरातून भरून येतो, आणि तिथे एका काउंटरवर नूडल्सचे आठ-दहा प्रकार मिळतात.