‘आमच्या वस्तीवर या’ एवढे पुरत नाही

सोमेश्वरनगरच्या परिसरात मळ्यात वस्ती करून राहणारी अनेक कुटुंबे आहेत. समजा, मोठी माणसे उसाला पाणी द्यायला गेली आहेत आणि घरात आजी चक्कर येऊन पडली. नात हुशार आहे, तिने लगेच १०८ क्रमांकावर फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, ‘कुठे यायचे?’ ती म्हणाली, ‘आमच्या वस्तीवर या. उसाच्या शेताजवळ.’ तिच्या दृष्टीने पत्ता सांगून झाला. रुग्णवाहिकेच्या चालकाला मात्र त्यातून काहीच कळत नाही, कारण कारखान्याच्या आसपास चहूकडे ऊसच आहे आणि वस्त्याही कितीतरी आहेत.

यात मुलीचा धांदरटपणा नाही. आपल्या डोळ्यांसमोर जे आहे ते समोरच्याच्या डोळ्यांसमोर नसते, ही जाणीव मुलांमध्ये हळूहळू तयार होते. सॅम ग्लक्सबर्ग आणि रॉबर्ट क्राउस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात यासाठी एक साधा प्रयोग केला. दोन मुलांच्या मध्ये पडदा लावला. दोघांकडे विचित्र आकृत्या काढलेले सारखेच ठोकळे दिले. एकाने वर्णन करायचे, दुसऱ्याने नेमका तोच ठोकळा उचलायचा. चार-पाच वर्षांची मुले आकृतीला स्वतःला सुचेल ते नाव देत. ते नाव पुन्हा त्यांनाच ऐकवले की त्यांना ठोकळा बरोबर ओळखता येई. दुसऱ्या मुलाला मात्र ते कळत नसे. मोठ्या वर्गांतली मुले सरावाने सुधारत गेली, लहानांना ते जमले नाही.

मोठी माणसेही यातून सुटलेली नाहीत. १९९०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी गाणे ओळखता येईल, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सबंध गाणे चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

मग मुलांना शिकवायचे कसे? ‘नीट सांग’, ‘स्पष्ट बोल’ असे दटावून फारसा उपयोग होत नाही. इंग्लंडमधील एलिझाबेथ आणि पीटर रॉबिन्सन यांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. सांगणे अपुरे असल्यामुळे घोटाळा झाला, तरी पाच-सहा वर्षांची मुले चूक ऐकणाऱ्याची मानतात. आपल्या शब्दांत काही राहून गेले, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आपण पालक बहुतेक वेळा अंदाजाने समजून घेतो आणि काम उरकतो. त्यामुळे मुलाला काय राहिले ते कधी दिसतच नाही. त्याऐवजी ‘मला कळले नाही, लाल डबे दोन आहेत, त्यातला कोणता?’ असे नेमके विचारले, तर मुलाला आपल्या वाक्यातली फट सापडते.

घरी याचा खेळ करता येतो. चहा कसा करायचा ते मुलाने सांगायचे आणि मोठ्याने अक्षरशः तेवढेच करायचे. ‘पातेले ठेव’ म्हटले तर ते जमिनीवर ठेवायचे. ‘साखर टाक’ म्हटले तर ‘किती?’ असे विचारायचे. मूल हसते आणि पुढच्या वेळी ‘गॅसवर’, ‘दोन चमचे’ हे शब्द आपोआप येतात. दुसरा खेळ पाठीला पाठ लावून बसण्याचा. एकाने चित्राचे वर्णन करायचे, दुसऱ्याने न बघता ते काढायचे. शेवटी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

ही सवय आरोग्याच्या कामी कशी येते, हे जुलाबावरच्या उपचारात दिसते. ‘पावडर पाण्यात टाकून दे’ एवढा निरोप धोक्याचा आहे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकिटे २०० मिलिलिटरसाठीही मिळतात. पाणी कमी पडले तर क्षाराचे प्रमाण वाढते आणि लहान बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून पायऱ्या अशा हव्यात: हात धुवा. पाकिटावर लिहिले आहे तेवढे स्वच्छ पाणी मोजून घ्या. संपूर्ण पाकीट त्यात रिकामे करा. विरघळेपर्यंत ढवळा. थोडे थोडे पाजा. २४ तासांनी उरलेले टाकून द्या.

पत्त्याचेही तसेच आहे. मोठ्याकडून लहानाकडे जायचे: तालुका, गाव, मुख्य रस्ता, फाटा, मग वस्तीचे नाव. खुणा हलणाऱ्या नकोत. उभा ट्रॅक्टर निघून जातो, तोडणी झाली की उसाचे शेतही ओळखू येत नाही. कालव्यावरचा पूल, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, डीपी या खुणा टिकतात. डावे-उजवे सांगताना लहान मुलांचा गोंधळ होतो, कारण समोरून येणाऱ्याचे डावे-उजवे उलटे असते. त्यापेक्षा ‘नीरेकडून बारामतीकडे येताना’ असे तोंड कुठे ते आधी ठरवावे, मगच बाजू सांगावी.

गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात कोप्या करून राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना याची गरज अधिक आहे. त्यांच्या पाठ असलेल्या पत्त्यावरचे घर शेकडो किलोमीटर दूर असते आणि इथला पत्ता दर हंगामात बदलतो. त्यामुळे कोपी उभी राहिली त्याच दिवशी ‘आपण आता कुठे राहतो’ हे मुलाला चार वाक्यांत सांगता येते का, ते पाहायला हवे. साखरशाळेतही हा पाठ पहिल्या आठवड्यात घेता येईल.

महाराष्ट्रात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४पासून आहे, आणि ११२ हा सर्व आपत्कालीन मदतीचा एकच क्रमांक आहे. मोबाइलला कुलूप असले तरी आपत्कालीन फोन लावता येतो, हे मुलांना दाखवून ठेवावे. सराव मात्र बंद फोनवर करावा, खऱ्या क्रमांकावर नव्हे. कुठे, काय झाले, किती जणांना, माणूस बोलतो का, श्वास चालू आहे का, हे क्रमाने सांगायचे. पलीकडचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. त्याने सांगितलेले आपण परत म्हणून दाखवायचे. शक्य असल्यास एकाने फाट्यावर जाऊन उभे राहायचे, रात्री बॅटरी दाखवायची.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सगळे जमते. त्यासाठी घरातल्या मोठ्यांनी अधूनमधून मुद्दाम अनोळखी व्हायचे आणि विचारायचे: ‘मी पहिल्यांदाच येतोय. कसे यायचे, सांग.’