घरातील सायकल साठवण

घरातील सायकल साठवण म्हणजे वापरात नसलेली सायकल राहत्या घरात, गॅलरीत किंवा इमारतीच्या बंदिस्त भागात कमीत कमी जागा व्यापेल आणि सुरक्षित राहील अशा रीतीने ठेवण्याची व्यवस्था होय. स्वतंत्र वाहनतळ किंवा अंगण नसलेल्या शहरी घरांत हा प्रश्न प्रामुख्याने उद्भवतो. चोरी, ऊन आणि पाऊस यांपासून सायकलीचे रक्षण करणे हा अशा साठवणीचा मुख्य हेतू असतो. त्याच वेळी घरातील माणसांच्या वावरास आणि संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटेस अडथळा होऊ न देणे हेही तितकेच आवश्यक असते. दूध, वृत्तपत्रे किंवा जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्यांसाठी सायकल हे उपजीविकेचे साधन असते. ती चोरीला गेल्यास किंवा गंजून निकामी झाल्यास रोजचे उत्पन्न थांबते, म्हणून जागा अपुरी असूनही ती घरात घेतली जाते.

जागेचा हिशेब

प्रौढांच्या सर्वसाधारण सायकलीची लांबी सुमारे १.८ मीटर, हँडलची रुंदी सुमारे ६० सेंमी आणि जमिनीपासून हँडलपर्यंतची उंची सुमारे १ ते १.१ मीटर असते. म्हणजेच उभी केलेली सायकल जमिनीवर साधारणतः १.०८ चौरस मीटर जागा अडवते. मुंबईतील बीडीडी चाळींमधील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे जवळपास १५ चौरस मीटरची आहे. अशा खोलीत एक सायकल सुमारे ७ टक्के जागा व्यापते. याशिवाय सायकल आत-बाहेर नेण्यासाठी आणि वळवण्यासाठी मोकळी जागा लागते, ती वेगळीच.

सायकलीची लांबी सहज कमी करता येत नाही, मात्र रुंदी कमी करता येते. सायकलीचा सर्वांत रुंद भाग हँडल हा असून त्याखालोखाल पेडले बाजूला येतात. हँडलचा बोल्ट सैल करून ते चाकाच्या रेषेत फिरवल्यास आणि घडीची पेडले बसवल्यास सायकल भिंतीला बरीच सपाट टेकते. हँडल पुन्हा सरळ केल्यावर बोल्ट पूर्ण आवळला आहे की नाही, हे स्वार होण्यापूर्वी तपासणे अनिवार्य आहे. सैल राहिलेले हँडल चालत्या सायकलीवर फिरल्यास गंभीर अपघात होऊ शकतो.

साठवणीचे प्रकार

जमिनीवरील स्टँड : सायकलीचे मागचे किंवा पुढचे चाक स्टँडच्या खाचेत बसवले जाते. भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत आणि सायकल उचलावी लागत नाही, म्हणून ज्येष्ठ नागरिक, मुले आणि जड सायकली यांच्यासाठी ही पद्धत सोयीची ठरते. जागेची बचत मात्र होत नाही.

आडवी टांगणी : सायकलीची वरची आडवी दांडी भिंतीवरील दोन आकड्यांवर ठेवतात. खालची जमीन मोकळी राहून तेथे चपलांचे कपाट किंवा बाक ठेवता येतो. हँडल सरळ असल्यास त्याची निम्मी रुंदी भिंतीकडे येते. त्यामुळे सांगाड्याचे भिंतीपासूनचे अंतर किमान ३० सेंमी ठेवावे लागते. उतरत्या दांडीच्या सायकली या आकड्यांवर तिरप्या बसतात. त्यांच्यासाठी सीटखालच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंत जोडायची वेगळी आडवी दांडी मिळते.

उभी टांगणी : पुढचे चाक आकड्यात अडकवून सायकल उभी टांगली जाते. या स्थितीत ती जमिनीवरील सुमारे ०.६६ चौरस मीटर जागा व्यापते, म्हणजे जवळपास ४० टक्के जागा वाचते. एकाहून अधिक सायकली शेजारी टांगताना आकडे एकाआड एक खाली-वर बसवल्यास हँडले एकमेकांत अडकत नाहीत. भिंतीवर टायरचे काळे डाग पडू नयेत म्हणून मागच्या चाकाजवळ पत्रा किंवा फळी लावतात.

छताची कप्पी : दोरी आणि कप्प्यांच्या साहाय्याने सायकल छताशी ओढून घेतली जाते. उंच छताच्या जुन्या घरांत ही पद्धत उपयुक्त ठरते. दोरी निसटल्यास सायकल खाली कोसळण्याचा धोका असतो. म्हणून दोरी भिंतीवरील खुंटीला बांधून ठेवणे आणि झोपण्याच्या किंवा बसण्याच्या जागेवर सायकल न टांगणे ही खबरदारी घेतली जाते.

जमीन ते छत खांब : दोन टोकांना रबरी बूड असलेला हा खांब जमीन आणि छत यांमध्ये दाबून उभा केला जातो. त्यावर सामान्यतः दोन सायकली एकावर एक राहतात. भिंतीला भोके पाडण्यास घरमालकाची परवानगी नसलेल्या भाडेकरूंसाठी हा पर्याय आहे. शोभेच्या खोट्या छताला मात्र असा दाब सहन होत नाही.

घडीची सायकल : जागेची सर्वाधिक बचत या प्रकारात होते. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात लंडनमध्ये रचना केलेली ब्रॉम्प्टन सायकल १६ इंची चाकांची असून, घडी केल्यावर ती सुमारे ६५ सेंमी लांब आणि २७ सेंमी रुंद होते. अशी सायकल टेबलाखाली किंवा कपाटाच्या कोपऱ्यात मावते. तिची किंमत साध्या सायकलीच्या तुलनेत बरीच जास्त असते.

भिंत आणि भार

टांगणीची सुरक्षितता भिंतीच्या प्रकारावर अवलंबून असते. काँक्रीटचे खांब, तुळया आणि स्लॅब यांत आकडा सर्वांत घट्ट बसतो. भाजक्या विटांची भिंतही चालते. परंतु स्क्रू केवळ गिलाव्यात न राहता विटेत पुरेसा खोल जावा लागतो. वजनाने हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीसाठी खास प्रकारच्या गिट्ट्या वापरतात. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीवर सायकल टांगू नये. टांगायचीच झाल्यास आकडा आतील धातूच्या किंवा लाकडाच्या आधारात बसवावा लागतो.

भार मोजताना केवळ सायकलीचे वजन पाहून भागत नाही. समजा, सायकल १५ किलोची आहे, ती भिंतीपासून ३० सेंमी अंतरावर टेकली आहे आणि आकड्याचे दोन स्क्रू एकाखाली एक १५ सेंमी अंतरावर आहेत. तरफेच्या नियमानुसार वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर खेचणारे बल सुमारे ३० किलो वजनाइतके, म्हणजे सायकलीच्या वजनाच्या दुप्पट होते. सायकल चढवताना बसणारे धक्के यात धरलेले नाहीत. म्हणून आकड्याची क्षमता प्रत्यक्ष वजनाहून कितीतरी अधिक असावी लागते. आधुनिक सायकलींचे वजन बहुधा १० ते १५ किलो असते. रॉड-ब्रेकची पारंपरिक भारतीय सायकल सुमारे २० किलोची असल्याने ती रोज उचलून टांगणे अनेकांना झेपत नाही.

सायकलीची निगा

कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, चेन आणि स्क्रू लवकर गंजतात. भिजलेली सायकल आत घेण्यापूर्वी पुसून कोरडी करणे आणि चेनला तेल देणे आवश्यक असते. चाकांखाली काठ असलेला ट्रे ठेवल्यास चिखल-पाणी घरभर पसरत नाही. ओली सायकल तशीच कापडाने झाकून ठेवल्यास ओलावा कोंडून गंज वाढतो.

गॅलरीतील थेट उन्हाने टायरचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. दीर्घकाळ हवा नसलेल्या टायरवर भार राहिल्यास तो दुमडलेल्या जागी चिरतो. म्हणून वापरात नसलेल्या सायकलीतही अधूनमधून हवा भरतात. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उभी टांगल्यास तेलातील हवेचे बुडबुडे नळीत सरकून ब्रेक ढिला लागू शकतो. सायकल खाली घेतल्यावर ब्रेक काही वेळा दाबून पाहावा. तरीही तो घट्ट न झाल्यास दुरुस्ती होईपर्यंत सायकल वापरू नये. अशा सायकलीचे चाक काढून ठेवल्यास ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पट्टी घालतात.

सुरक्षितता

चाळीचा सामाईक व्हरांडा, जिना आणि दारासमोरची जागा येथे सायकली ठेवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. आग लागल्यास मात्र हीच जागा सुटकेची वाट असते. धुराने अंधारलेल्या जिन्यातील एक आडवी सायकल अनेकांची वाट अडवू शकते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निर्गम मार्ग अडथळामुक्त ठेवणे अपेक्षित आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा उपाययोजनांची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर टाकण्यात आली आहे.

विद्युत सायकलींच्या लिथियम-आयन बॅटरीमुळे या प्रश्नाला नवा पैलू प्राप्त झाला आहे. सदोष किंवा मार बसलेली बॅटरी अतिशय वेगाने पेट घेते. न्यूयॉर्क शहरात अशा आगींत जीवितहानी झाल्यानंतर, २०२३ पासून तेथे सुरक्षा-प्रमाणित विद्युत सायकलींचीच विक्री करण्याचा नियम लागू झाला. बॅटरी मूळ चार्जरनेच चार्ज करणे, घराच्या एकमेव दाराजवळ आणि सर्वजण झोपलेले असताना चार्जिंग टाळणे, तसेच फुगलेली बॅटरी न वापरणे या मूलभूत दक्षता होत.

सामाईक व्यवस्था

घरात जागाच नसेल तेथे इमारतीची सामाईक सायकलखोली हा अधिक व्यवहार्य उपाय ठरतो. तळमजल्यावरील कुलूपबंद खोलीत दुमजली मांडणी केल्यास थोड्या जागेत अनेक सायकली राहतात आणि त्या जिन्यावरून वाहून न्याव्या लागत नाहीत. नेदरलँड्समध्ये २०१२ च्या बांधकाम नियमावलीने नव्या घरांसाठी सामान्यतः किमान ५ चौरस मीटर क्षेत्रफळाची आणि १.८ मीटर रुंदीची बंदिस्त साठवणीची जागा आवश्यक ठरवली. तेथे या जागेचा प्रमुख उपयोग सायकलींसाठी होतो. त्याच देशातील उट्रेख्त रेल्वे स्थानकाखाली २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या सायकलतळात सुमारे १२,५०० सायकलींची सोय आहे. तेथील बहुतेक मांडणी दुमजली आहे.