नौसिकाचे दोन शेवट

हायाओ मियाझाकींच्या 'नौसिका' चित्रपटाचा शेवट त्यांच्याच मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, सात खंडांपैकी दुसऱ्यात येऊन जातो. पुढे पाच खंड उरतात. मांगावरून ॲनिमेपट निघाला की तो मुळाशी किती इमान राखतो हे आपण तपासतो; इथे ती तपासणी उलटी करावी लागते. चित्रपट पडद्यावर आला ११ मार्च १९८४ला, आणि मांगा संपला १९९४मध्ये. दोन्हींचा कर्ता एकच.

'मूळ' हा शब्दही इथे जपूनच वापरावा. मियाझाकींचा चित्रपटाचा प्रस्ताव तोकुमा प्रकाशनाने फेटाळला होता, कारण त्याला मांगाचा आधार नव्हता. त्याच संस्थेच्या 'ॲनिमेज' मासिकातले तोशिओ सुझुकी मागे लागले आणि फेब्रुवारी १९८२च्या अंकापासून मांगा सुरू झाला. पोराला शाळेत घालायचं म्हणून जन्मदाखला काढावा, तसं हे. फरक इतकाच की पुढे दाखलाच पोरापेक्षा मोठा झाला.

कथेची मांडणी दोन्हींकडे सारखीच. महायुद्धात जुनी संस्कृती जळून हजार वर्षं झालीत, विषारी वन पसरतं आहे, त्यात ओमू नावाचे अजस्र कीटक वावरतात. वाऱ्याच्या दरीची राजकन्या नौसिका त्यांना जीव लावते. तिचं नाव होमरच्या 'ओडिसी'तलं. किड्यांचा लळा मात्र हेइआन काळातल्या एका जपानी कथेतल्या सरदारकन्येचा. पाऱ्याने नासलेल्या मिनामाता उपसागरात मासेमारी थांबल्यावर मासे पुन्हा वाढले, ही बातमीही या वनामागे आहे.

फरक पात्रांच्या बाजूंत आहे. चित्रपटात तोल्मेकिया राज्याचं सैन्य दरीवर चालून येतं आणि नौसिकाच्या वडिलांना मारतं. मांगात ते आजाराने जातात, आणि दरी तोल्मेकियाशी जुन्या कराराने बांधलेली असल्यामुळे नौसिकाला त्यांच्याच बाजूने मोहिमेवर जावं लागतं. म्हणजे तिचे हात पहिल्यापासून रक्ताने माखणार हे ठरलेलं. तोल्मेकियाची राजकन्या कुशाना चित्रपटात पोलादी हाताची खलनायिका आहे. मांगातली कुशाना धडधाकट आहे, स्वतःच्या भावांनी कोंडीत पकडलेली, सैनिकांवर जीव टाकणारी. मला तरी ती नौसिकापेक्षा जास्त लक्षात राहते.

चित्रपट सुटसुटीत झाला तो नाइलाजाने: ११७ मिनिटांत किती मावणार? पण कागदाला न जमणारं काही त्याने साधलं. ओमूच्या कवचाचे तुकडे वेगवेगळे कापून, रबराने जोडून हलवले; त्यामुळे तो जीव खरोखर सरपटतो. जुन्या महायुद्धातून उरलेला, वितळत वितळत आग ओकणारा महायोद्धा रेखाटला तरुण हिदेआकी आन्नो यांनी, जे पुढे 'इव्हँजेलियन' करणार होते. आणि जो हिसाइशींच्या चार वर्षांच्या मुलीने गायलेली ती बालिश धून! ती ऐकू आली की मांगातल्या दाट, तपकिरी शाईच्या चौकटी मुक्या वाटतात.

शेवटी नौसिका ओमूंच्या लोंढ्यापुढे उभी राहते, मरते, सोनेरी तंतूंवर पुन्हा जिवंत होते आणि तारणहाराबद्दलचं भाकीत खरं ठरतं. निर्माते इसाओ ताकाहाता यांनी निर्माता म्हणून आनंद व्यक्त केला, पण मित्र म्हणून ३० गुण दिले. मांगा वाचला की वाटतं, मियाझाकींनीही स्वतःला फार गुण दिले नसावेत.

कारण मग त्यांनी दहा वर्षं, मधूनमधून चित्रपटांसाठी थांबत, हाच शेवट उसवला. दरम्यान सोव्हिएत संघ कोसळला, युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं. त्याचा आपल्या विचारांवर झालेला परिणाम त्यांनी नाकारलेला नाही. चित्रपटात वन पृथ्वीला आपसूक शुद्ध करतं. मांगात कळतं की ते वन, ते ओमू, सगळं जुन्या माणसांनी घडवलं होतं. आजची माणसंही विषारी हवेत जगण्यासाठी बदललेली आहेत. हवा स्वच्छ झाली की तीच मरतील. चित्रपटातला तो बोजड महायोद्धा इथे नौसिकाला आई म्हणतो. शुवा नावाच्या शहरातल्या तळघरात भावी, शांत मानवजातीची बीजं जपून ठेवलेली आहेत. त्याच लेकराच्या हातून नौसिका ती नष्ट करवते, आणि आपल्या माणसांना हे सत्य सांगत नाही.

पडद्यावरची तारणहार कागदावर अशी होते. जपान मांगाकार संघाने १९९४ला मांगाला सर्वोच्च पुरस्कार दिला तो योग्यच होता.

दोन्ही अनुभवायची असतील तर आधी चित्रपट पाहा, मग सात खंड हाती घ्या. उलट क्रमाने गेलात, तर ते सोनेरी तंतू पाहताना तुम्हाला शुवाच आठवत राहील.