वार्षिक अहवाल : शेरा लपवू नये, समजावून द्यावा

कार्यालय लहान असो वा मोठे, तेथील कामाचा दर्जा वरिष्ठ व कनिष्ठ यांच्या परस्परविश्वासावर अवलंबून असतो. शासकीय सेवेत या विश्वासाची खरी कसोटी लागते ती वार्षिक अहवाल लिहिताना. पदोन्नतीसारखे निर्णय याच अहवालांच्या आधारे घेतले जातात.

पूर्वी यास ‘गोपनीय अहवाल’ म्हणत. सामान्यतः प्रतिकूल शेरा तेवढाच कर्मचाऱ्यास कळविला जाई. ‘चांगला’ या शेऱ्याने कोणाचे नुकसान होईल, असे कोणास वाटत नसे. परंतु सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याच्या बाबतीत तसेच घडले. वरच्या पदासाठी सलग पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी केवळ ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. तो त्यांना कळविण्यात आला नाही आणि त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्यांना बढती मिळाली.

न्यायालयाचा निर्णय

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, शेरा अनुकूल असो वा प्रतिकूल, तो वाजवी मुदतीत संबंधितास कळविलाच पाहिजे. सैन्यदल वगळता सर्व लोकसेवकांना हे तत्त्व लागू आहे. अभियंता तोवर निवृत्त झाले होते; तरीही शेरा कळवून त्यांच्या म्हणण्याचा विचार करावा, असा आदेश झाला. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम केले. दरम्यान, १४ मे २००९ च्या ज्ञापनाने केंद्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना संपूर्ण अहवाल दाखविण्याची पद्धत सुरू केली. त्यावर पंधरा दिवसांत लेखी म्हणणे मांडता येते व सक्षम अधिकाऱ्याने तीस दिवसांत त्यावर निर्णय द्यावयाचा असतो.

वरिष्ठांचे कर्तव्य

तथापि, नियमाने कागद हाती पडतो. माणूस घडत नाही. वर्षअखेरीचा शेरा वाचून कर्मचारी चकित होत असेल, तर वर्षभर त्याच्याशी कोणी बोललेच नाही असा त्याचा अर्थ होतो. उणीव दिसताच ती एकांतात सांगावी, सुधारण्यास अवधी द्यावा आणि सुधारणा झाल्यास तीही नोंदवावी. ‘निष्काळजी’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘आवक नोंदवही तीन महिने अपुरी, दोनदा लेखी सूचना दिली’ असे लिहिल्यास शेऱ्यास आधार मिळतो व चूक दुरुस्तही करता येते. भिडेखातर सर्वांनाच सारखा उत्तम शेरा देणे हाही प्रामाणिकपणे राबणाऱ्यावर अन्यायच होय.

कर्मचाऱ्यानेही अहवाल लक्षपूर्वक वाचावा. शेरा पटत नसल्यास रोष न धरता, मुदतीत, पुराव्यासह आपले म्हणणे मांडावे.

ही बाब केवळ कचेरीपुरती नाही. दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा ग्रामस्थ आणि शाळेत शिकणारे मूल यांच्यापर्यंत तिचे परिणाम पोहोचतात. ज्यास न्यायाने वागविले जाते, तो जनतेशीही न्यायाने वागण्याचा संभव अधिक असतो.