उजनी उण्यात जाते तेव्हा

पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचा फुगवटा सोबतीला असतो. पक्षी, जुनी देवळं आणि झणझणीत जेवण एकाच सहलीत हवं असणाऱ्यांना हा पट्टा हमखास सुचवला जातो. त्यात एक मेख आहे. इथे काय दिसेल, ते धरणाची पातळी ठरवते.

1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी त्याखाली गेलं की धरण ‘उण्यात गेलं’ म्हणायचं. हिवाळ्यात पाणी ओसरू लागतं, काठचा गाळ उघडा पडतो आणि उथळ पाण्यात रोहित उतरतात. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते गढूळ पाणी गाळतात; शेवाळ आणि बारीक जीव पोटात जातात, उरलेलं बाहेर. पंखांचा गुलाबी रंगही याच खाण्यातला. पाऊस दणकून झाला आणि जानेवारीतही धरण तुडुंब राहिलं, तर त्यांना इथे उतरायला जागाच नसते. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब मात्र तेव्हाही काठच्या शेतांत चरताना दिसतात. कुंभारगाव, डिकसळचे मासेमार नावेतून हे सगळं दाखवतात. उडता थवा टिपायचा म्हणून नाव थेट रोहितांवर घालायला लावणारे फोटोवालेही असतात. नावाड्याने त्यांना खुशाल नकार द्यावा.

पळसदेवचं जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. माणसं उठून महामार्गालगत आली. पळसनाथाचं मध्ययुगीन दगडी देऊळ जागेवरच राहिलं. त्याचं शिखर विटांचं, भूमिज पद्धतीचं, आवारात वीरगळ. एरवी पाण्यावर शिखर तेवढं दिसतं. 2024 च्या दुष्काळी उन्हाळ्यात अख्खं देऊळ उघडं पडलं आणि लोक तिथे चालत पोचले. म्हणजे वीरगळ जवळून बघायचे तर दुष्काळाचा मे महिना हवा, आणि तोवर पट्टकादंब परत गेलेले असतात. एका फेरीत सगळं साधेल, या भरवशावर कुणी निघू नये.

जेवणाला ही अडचण नाही. भिगवणच्या खाणावळींत चिलापी बारमाही: तळलेली, नाहीतर तिखटजाळ रश्श्यात, सोबत भाकरी. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, 1952 मध्ये भारतात आणलेला. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून अखेर उजनीतच येतं. त्यावर शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो. चिलापी त्यातही तगते. नदीतल्या मूळच्या अनेक माशांना ते जमत नाही. पुणेकर पाहुण्याने ताटावर बसल्यावर हे आठवावं की नाही, त्याचं त्याने ठरवावं. मी आधी मरळ आहे का विचारतो. ती इथलीच, काटेही कमी, आणि भाव चिलापीपेक्षा चढा.