पॅरिसची मोजपट्टी, नागपूरचा तक्ता

"मुलाचा बुद्ध्यांक ७२ आला. शाळा म्हणते, आमचा अभ्यास त्याला झेपणार नाही, दुसरीकडे घाला. हॉस्पिटलात म्हणाले, ७० च्या वर आहे, सर्टिफिकेट मिळणार नाही. मग हा आकडा काढतात तरी कशाला?" एका वाचक आईचा हा प्रश्न. सोबत रिपोर्टचा फोटो होता आणि त्यावर चाचणीचं नाव : बिने-कामत.

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते, त्या आल्फ्रेड बिनेने तो ऐकला असता तर त्याला आधी वाईट वाटलं असतं आणि मग बहुधा संताप आला असता.

बिने (१८५७-१९११) हा माझा आवडता शास्त्रज्ञ, आणि त्याचं एक कारण म्हणजे त्याच्या कारकिर्दीची सुरुवात जाहीर फजितीने झाली. गडी शिकला कायदा, पण वकिली काही केली नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्याने मानसशास्त्र एकट्यानेच वाचून काढलं आणि साल्पेत्रिएर हॉस्पिटलात, शार्को या त्या काळच्या बड्या प्रस्थाच्या हाताखाली, तो काम करू लागला. तिथे तो आणि त्याचा सहकारी फेरे संमोहित रुग्णांवर लोहचुंबकाचे प्रयोग करत. चुंबक शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेला की हाताचा लुळेपणाही बाजू बदलतो, असा त्यांचा दावा होता. बेल्जियमहून देल्बफ नावाचे प्राध्यापक हा चमत्कार बघायला आले. त्यांनी पाहिलं, तर चुंबक रुग्णाच्या डोळ्यांदेखत हलवला जात होता आणि पुढे काय होणार याची चर्चा तिच्यासमोर मोठमोठ्याने चालली होती. बाई बिचारी डॉक्टरांना हवं ते करून दाखवत होती! बिने काही वर्षं भांडला आणि शेवटी त्याने चूक कबूल केली. प्रयोग करणाऱ्याची इच्छाच निकालात उतरते, हा धडा तो पुढे कधी विसरला नाही. १९०० साली त्याने सूचनावशतेवर एक आख्खं पुस्तक लिहिलं.

त्याच सुमारास तो शाळकरी मुलांची डोकी मोजत होता. हुशार मुलांचं डोकं मोठं असतं, असं तेव्हा भलेभले मानत. शिक्षकांनी निवडून दिलेली हुशार मुलं आणि 'ढ' मुलं यांच्या मापांत त्याला मिलिमीटरभराचा फरक सापडला, आणि तोही आपलाच हात आपल्या मतानुसार कॅलिपर दाबतोय की काय, अशी शंका त्याला आली. त्याने तो नाद सोडला. (आज आपल्याकडे मॉलमधल्या स्टॉलवर मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन 'जन्मजात बुद्धिमत्ते'चा रंगीत अहवाल देणारे लोक आहेत. हजारो रुपये मोजून तो घेणारे पालकही आहेत. या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगूनही धंदा तेजीत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी बिनेला जे कळलं ते यांना कळत नाही असं नाही, परवडत नाही.)

मग त्याला खरी वाट सापडली कुठे? स्वतःच्या घरात. मादलेन आणि अलिस या दोन लहान मुलींसमोर तो टेबलावर चकत्यांचे दोन ढीग मांडी आणि विचारी, कशात जास्त आहेत? चकत्या एकाच आकाराच्या असल्या की चार वर्षांची मादलेन बऱ्यापैकी बरोबर सांगे. एका ढिगात मोठ्या आणि दुसऱ्यात छोट्या चकत्या ठेवल्या की ती फसे, कारण ती संख्या बघतच नव्हती, ढिगाने टेबलावर व्यापलेली जागा बघत होती. हे त्याने १८९० साली छापलं. पुढे मानसशास्त्रज्ञ पियाजेने अशाच प्रयोगांवर मोठं नाव कमावलं. बिनेच्या या टिपणांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि जी मुलं पूर्वी शाळेचं तोंडही बघत नसत ती वर्गात येऊन बसली. काहींना काही येईना. १९०४ साली शिक्षणमंत्रालयाने अशा मुलांसाठी एक आयोग नेमला आणि बिने त्याचा सदस्य झाला. मागे राहणाऱ्या मुलांना ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. डॉक्टरांची वर्गवारी इतकी सैल होती की एकाच मुलाला एक डॉक्टर एका खान्यात घाली आणि दुसरा भलत्याच. शिक्षकांवर सोडावं, तर बिनेला वेगळीच धास्ती होती : वर्गात त्रास देणारी पोरं या निमित्ताने बाहेर काढायचा मोह त्यांना होणार. ही धास्ती त्याने १९०५ सालीच लिहून ठेवली आहे. वरच्या आईला शाळेने दिलेलं उत्तर पुन्हा वाचा.

म्हणून थिओडोर सिमाँ या तरुण डॉक्टरला सोबत घेऊन त्याने १९०५ मध्ये ३० कामांची एक यादी केली, सोप्यापासून अवघडाकडे जाणारी. पहिलं काम म्हणजे जळती काडी डोळ्यांपुढून हलवायची आणि नजर तिच्यामागे जाते का ते बघायचं. चौथ्यात चॉकलेटचा तुकडा आणि तेवढाच लाकडाचा ठोकळा समोर ठेवायचे. पुढच्यात चॉकलेट मुलासमोर कागदात गुंडाळून द्यायचं, कागद काढून खातो की कागदासकट? मग तीन आकडे ऐकून परत म्हणणं, दोन वजनांतलं जड ओळखणं, असं करत करत तिसाव्या कामापर्यंत, जिथे आदर आणि जिव्हाळा यांत फरक काय, असे प्रश्न येतात. वाचन-लेखन त्याने जाणूनबुजून टाळलं. ज्याला कुणी शिकवलंच नाही, त्याला वाचता येत नाही म्हणून मंद ठरवायचं नव्हतं.

१९०८ च्या सुधारित आवृत्तीत कामं वयानुसार लावली गेली : हे तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना जमतं, ते सात वर्षांच्या. आठ वर्षांचं मूल सहा वर्षांपर्यंतचीच कामं करत असेल तर त्याची मानसिक पातळी सहाची. बस, एवढंच. दाराच्या चौकटीवर पोराला टेकवून पेन्सिलीने उंचीची खूण करतात ना, तशी ही खूण. आज इथवर. पुढच्या दिवाळीला पुन्हा उभं करून बघू. चौकटीवरच्या खुणेवरून पोराच्या लग्नात त्याची उंची किती असेल ते कुणी ठरवत नाही.

खूण घराघरांत वेगळी पडते, हेही लवकरच दिसलं. बेल्जियमच्या देक्रोली आणि देगाँ यांनी ब्रसेल्समधल्या खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांना हीच कामं दिली, तर ती पॅरिसच्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. बिनेने हे नाकारलं नाही. घरात कानांवर पडणारी भाषा गुणांत उतरते, हे त्याला दिसत होतं.

आता बिनेच्या कामाचा तो भाग, जो जवळजवळ कुणाला ठाऊक नसतो. मोजून झाल्यावर काय करायचं? बुद्धी म्हणजे जन्माला येतानाच मिळालेला ठरावीक साठा, असं म्हणणाऱ्यांचा त्याने १९०९ च्या पुस्तकात कडक समाचार घेतला. त्याने 'मानसिक अस्थिव्यंगोपचार' अशा चमत्कारिक नावाची एक पद्धत काढली : वाकडी पाठ जशी व्यायामाने सरळ करतात तसं लक्ष, स्मरण आणि स्वतःवरचा ताबा यांना व्यायाम द्यायचा. विशेष वर्गांत मुलांना पुतळ्यासारखं स्तब्ध उभं करत. पहिल्या दिवशी सगळे खिदळत, दोन-चार दिवसांत चुरस लागे. काठोकाठ भरलेला पेला न सांडता नेण्याची शर्यत असे. फळ्यावर लावलेल्या वस्तू काही सेकंद दाखवून झाकायच्या आणि मुलांनी त्यांची नावं आठवून लिहायची. एकदा हे वर्ग बघायला खासदारांची फौज आली. त्यांतल्या काहींना हुक्की आली, आम्हीही करून बघतो. त्यांना या 'मंद' मुलांपेक्षा कमी वस्तू आठवल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. सरावाचा हा परिणाम आहे, खासदारांना सराव नव्हता, हे सांगायला बिने विसरला नाही. याच मुलांसाठी १९०९ मध्ये फ्रान्सने विशेष वर्गांचा कायदा केला. बिनेला हे वर्ग कोंडवाडा म्हणून नको होते, मुलगा परत नेहमीच्या वर्गात गेला तर त्याला आनंदच होता.

१९११ मध्ये चौपन्नाव्या वर्षी बिने गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागलं. हेतू वाईट नव्हता : चार वर्षांच्या मुलाचं एक वर्ष मागे असणं आणि बारा वर्षांच्याचं एक वर्ष मागे असणं सारखं नाही. पण भागाकार झाला आणि १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या टर्मनने त्याला शंभराने गुणलं, तेव्हा चौकटीवरची खूण गेली आणि माणसाच्या कपाळावर मारायचा शिक्का आला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड गावच्या संस्थेत काम करणारा हेन्री गॉडार्ड १९०८ मध्ये युरोपात फिरताना ही मोजपट्टी घेऊन आला होता. त्याने ती स्थलांतरितांना गाळायला वापरली. मंदबुद्धीच्या लोकांना मूल होऊ देऊ नये म्हणणाऱ्यांच्या हातीही ती गेली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली, तेव्हा तिचं मानसिक वय नऊ असल्याचा पुरावा पुढे केला होता. सिमाँ १९६१ पर्यंत जगला. या भागाकाराला तो आमच्या हेतूशी केलेली दगाबाजी म्हणे.

आपल्याकडे ही मोजपट्टी लवकरच आली. लाहोरच्या कॉलेजात राइस यांनी १९२२ मध्ये तिचं हिंदुस्तानी रूप केलं. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती बसवली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. इंग्रजीत बोलणाऱ्या मुलांची मोजपट्टी मराठी पोराला लावायची तर प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो हे आपल्याच मुलांकडून पुन्हा तपासावं लागतं. हे कष्टाचं काम त्यांनी टर्मनच्या आवृत्तीवर केलं. त्यांच्या पुस्तकाची १९६७ ची आवृत्ती आजही संदर्भ म्हणून दिली जाते, आणि बुद्ध्यांक काढायला अजूनही तोच भागाकार होतो.

नागपूरचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. तिथे डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ वेक्सलरच्या बालचाचणीचं भारतीय रूप केलं आणि व्हाइनलंडच्याच एडगर डॉलने १९३५ मध्ये आणलेला सामाजिक परिपक्वतेचा तक्ताही इकडे आणला. तो 'नागपूर अ‍ॅडाप्टेशन' म्हणूनच ओळखला जातो. गॉडार्डच्या संस्थेतून आलेलं हे जास्त शहाणं अपत्य. यात मुलाला टेबलापाशी बसवून कोडी घालत नाहीत, आईला विचारतात : बटणं लावतो का? घडलेलं नीट सांगतो का? घरातली बारीकसारीक कामं करतो का? शेजारीपाजारी एकटा जातो का? दुकानातून छोटी वस्तू आणतो का? बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र देताना हा तक्ता आपल्या सरकारी पद्धतीत वापरला जातो, नुसता बुद्ध्यांक नाही.

मोजपट्टीचं वय झालं की काय होतं, हे न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिनने १९८४ मध्ये दाखवलं. अमेरिकेत दर दहा वर्षांना मुलांचे सरासरी गुण सुमारे तीनने चढत होते. जुन्या प्रमाणांवर आजचं मूल तपासलं की आकडा फुगतो, म्हणजे आजोबांच्या पिढीच्या खुणांशी नातवाची उंची ताडल्यासारखं होतं. याचा फटका उंबरठ्यावरच्या मुलाला बसतो. भारतात ही वाढ नेमकी किती, यावर वाद घालता येईल, पण साठ-सत्तरच्या दशकातली प्रमाणं आजच्या मुलांना लावून '७० च्या वर, तेव्हा मदत नाही' असं ठामपणे सांगणं मला तरी धाडसाचं वाटतं. शिवाय अशा चाचणीत पाचेक गुणांची चूक इकडे-तिकडे गृहीतच असते. ७२ म्हणजे ६७ ते ७७ मधलं काहीही.

तेव्हा बाईंना उत्तर असं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मान्यताप्राप्त शाळेला प्रवेशात भेदभाव करू देत नाही. 'झेपणार नाही' हे शाळेने लेखी द्यावं म्हणून अर्ज करा, बरेचदा तिथेच सूर बदलतो. मुलाला वाचनातच अडचण असेल तर ती मराठीतूनच तपासून घ्या. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी उताऱ्यावर अडखळलेल्या मराठी मुलाबद्दल फारसं काही कळत नाही. सर्टिफिकेटाबाबत फेरतपासणी मागता येते, आणि त्या वेळी नागपूर तक्त्याचे गुण किती आले ते विचारा. शेवटचं म्हणजे, रिपोर्टवर नुसता ७२ आहे. मुलाने कोणत्या वयापर्यंतची कामं केली, कुठे अडला आणि कुठे वयाच्या पुढचं सोडवून गेला, याची नोंद तपासणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत असते. ती दाखवून समजावून सांगा म्हणावं.